सोलापूर ते सागरी महामार्ग : खाड्यांच्या हिशेबाने आखलेला प्रवास

सोलापूरहून पश्चिमेकडे निघणारा राष्ट्रीय महामार्ग १६६ मंगळवेढा, सांगोला, मिरज आणि कोल्हापूर मागे टाकत थेट रत्नागिरीच्या समुद्रापर्यंत जातो. सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या या वाटेचा मोठा भाग सपाट आणि मोकळा आहे, आणि नेमके हेच सुख सोलापूरकराच्या पुढच्या आखणीला नडते. मिरजेपर्यंत गाडी ज्या वेगाने आली, त्याच वेगाने रत्नागिरीहून मालवण गाठता येईल, असे गृहीत धरून खोल्या आरक्षित केल्या जातात. मग जेवणाची वेळ टळते, किल्ल्याकडे जाणारी शेवटची होडी निघून जाते आणि समुद्र गाडीच्या काचेतूनच पाहावा लागतो.

नकाशावर किनाऱ्याची रेघ नीट पाहिली, तर याचे कारण दिसते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या अगदी थोड्या अंतरात समुद्राला मिळतात आणि त्यांच्या मुखांशी खोल खाड्या तयार होतात. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उंच, उघडा सडा असतो आणि तो समुद्राच्या बाजूला कड्यासारखा तुटतो. त्यामुळे रेवसपासून रेडीपर्यंत जाणारा सागरी महामार्ग सतत चढतो, सड्यावरून धावतो, माडांच्या गावात उतरतो, खाडी ओलांडतो आणि पुन्हा चढू लागतो. अशा रस्त्यावर थांबे धरून तासाला तीस किलोमीटर पडले, तरी प्रवास चांगला झाला असे समजावे.

गंमत अशी की, सोलापूरची काळी माती आणि कोकणचा तांबडा जांभा यांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. दोन्हींच्या मुळाशी दख्खनचा बेसाल्ट आहे. कमी पावसाच्या पठारावर तो झिजून काळी माती झाली. किनाऱ्यावरच्या उष्ण हवेत आणि मुसळधार पावसात त्यातील विद्राव्य द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहून जांभा तयार झाला.

किनारा गाठण्यासाठी आंबा घाट हा सोलापूरहून सर्वांत सरळ मार्ग ठरतो. मात्र आपल्याकडच्या सपाट रस्त्यांवर ब्रेकची खरी परीक्षा क्वचितच होते, म्हणून निघण्यापूर्वी ब्रेक पॅड, टायर आणि कूलंट तपासून घेणे अत्यावश्यक आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून इंजिनालाच वेग आवरू द्यावा, कारण सतत दाबलेला ब्रेक तापून ऐन वळणावर निकामी होऊ शकतो. चढणीच्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही येथे मनापासून पाळावा.

पहिला मुक्काम गणपतीपुळ्याला केल्यास दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरीकडे येता येते. या टप्प्यात रस्ता कड्याच्या अंगाने जातो आणि खाली दोन पुळणी एकाच वेळी दिसतात. घाईने पुढे जाण्यासारखी ही जागा नव्हे. तरीही गाडी वळणावर उभी न करता, रुंद जागा पाहून रस्त्याच्या पूर्णपणे बाहेर लावावी.

रत्नागिरीच्या दक्षिणेला पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे आणि नाटे हा भाग या संपूर्ण प्रवासाचा गाभा आहे, असे आमचे मत आहे, आणि दुर्दैवाने बहुतेक पर्यटक मुंबई-गोवा महामार्गाने जाऊन तो टाळतात. कशेळीत कनकादित्याचे मंदिर आहे, देवघळीचा कडा आहे आणि सड्यावर कातळात कोरलेली हत्तीची प्रचंड आकृती आहे; ती सुमारे १८ मीटर लांब असून तिच्या अंगात इतर प्राण्यांचीही चित्रे आहेत. उक्षी, देवीहसोळ, बारसू आणि कुडोपी यांच्यासह कोकणातील निवडक कातळशिल्पस्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत नोंदवली गेली. सड्यावर सावली नसते आणि दुपारी कातळ तापतो, म्हणून ही शिल्पे सकाळीच पाहावीत आणि कोरीव रेषांवर पाय देऊ नये.

पुढे जैतापूर आणि विजयदुर्ग नकाशावर शेजारी भासतात. पण मध्ये वाघोटण खाडी आहे. पुलासाठी आत वळून पुन्हा समुद्राकडे यावे लागते. रत्नागिरीच्या उत्तरेला तर जयगड-तवसाळ आणि दाभोळ-धोपावे येथे मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आहेत, आणि त्यांची वेळ साधली तर मोठा वळसा वाचतो. आखणीच्या वहीत म्हणूनच किलोमीटरचा रकाना दुय्यम मानावा आणि वाटेतील खाड्या आधी लिहाव्यात. रोज एकच मोठा टप्पा ठेवावा : रत्नागिरी ते विजयदुर्ग, तेथून कुणकेश्वरमार्गे मालवण, आणि मालवणात दोन रात्री.

मालवणात दोन रात्री अशासाठी की, सिंधुदुर्ग किल्ला होडीनेच गाठावा लागतो. १६६४ मध्ये ज्याची पायाभरणी झाली तो हा जलदुर्ग घाईत पाहू नये. पावसाळ्यात ही होडी वाहतूक बंद असते. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब दिनदर्शिकेवरून सहज करता येतो : तिथीला पाऊणने गुणावे. चतुर्थीला सुमारे तीन वाजता भरती असते, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी येते. हा अंदाज फिरण्यासाठी पुरेसा आहे; पोहण्याचा निर्णय मात्र स्थानिक जीवरक्षकांना विचारूनच घ्यावा. वाळूवर गाडी नेण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा, कारण रुतलेल्या चाकांसाठी भरतीचे पाणी थांबून राहत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अर्धे पठार कोकणात उतरते. सोलापूरकरांना सोयीचा काळ म्हणजे जानेवारीतील सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा आटोपल्यानंतरचे आठवडे होत. त्या काळात आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आणि महाशिवरात्रीची कुणकेश्वरची यात्रा मात्र आधी पाहावी; त्या दिवसांत मालवण व देवगड परिसरात खोली मिळणे दुरापास्त असते. लहान गावांत घरगुती जेवण आयत्या वेळी मिळत नाही, ते सकाळीच फोनवर सांगावे लागते. वाटेतल्या भुकेसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा सोबत असावाच.

परतताना फोंडा, करूळ किंवा आंबोली यांपैकी कोणताही घाट निवडता येतो. परंतु निघण्याच्या आदल्या दिवशी तो सुरू असल्याची खात्री करावी, कारण २०२४ मध्ये रुंदीकरणाच्या कामासाठी करूळ घाट दीर्घकाळ बंद होता. मालवणहून पहाटे निघावे आणि मिरज दुपारीच सोडावे. हिवाळ्यात साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू असतो. सांगोला-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही.