पाणी सोडणं

(दृश्य: गोदाघाट, पहाट, पावसाची भुरभुर)

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. पुराचा अंदाज घ्यायला त्यांना क्युसेकचे आकडे लागत नाहीत. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती पुरतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेच्या वर गेलं, असं कानावर आलं की भांडी बाजार, सराफ बाजारात माल वर चढवायची धांदल उडते. सगळं हलवून झालं की हीच माणसं वरच्या पायरीवर बसून चढतं पाणी बघतात. कुणीतरी चहा आणतं. देवावर भार टाकणं म्हणजे हातपाय गाळणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या दिवशी इथं यावं.

वरच्या अंगाला गंगापूर धरण. मातीचं. माथ्यावरून पाणी गेलं तर बांधच धुऊन निघेल, म्हणून पाऊस जोर धरतो तेव्हा दरवाजे उचलावेच लागतात. ‘पाणी सोडलं’, गावभर एकच बातमी.

गंगेच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरी, निवृत्तिनाथांची समाधी आहे. थोरला भाऊ आणि गुरूही. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. मागोमाग सोपान आणि मुक्ताईही गेली. परंपरा सांगते, निवृत्तिनाथ सगळ्यांत शेवटी. ज्यांना हाताला धरून वाढवलं, त्या तिघांनाही निरोप देऊन.

(दृश्य: रामकुंड, जवळून)

पन्नाशीतले एक गृहस्थ. मांडीशी वडिलांच्या अस्थींचा कलश, कानाशी फोन: गाडी कुठं लावली, हार आणले का, मामांना कोण आणणार? गुरुजी थांबलेत. दक्षिणेवर पळीभर पाणी सोडायचं आणि म्हणायचं, ‘न मम’. माझं नाही. ते पुटपुटतात.

आता कलश. फडक्याची गाठ भिजून घट्ट झालीय. नखानं सुटेना, म्हणून दात लावायला जातात, गुरुजी ओरडतात. मागून धाकटी बहीण येते, दोन बोटांनी गाठ सैल करते.

अस्थी इथं विरून जातात अशी श्रद्धा. म्हणून हे अस्थिविलय तीर्थ. कलश तिरका होतो. रिकामा झाल्यावरही ते तो तसाच धरून राहतात, बराच वेळ.

पुन्हा फोन वाजतो.

“सोडलं, आई.”

थोडं थांबून, “जेवायला पानं किती मांडलीत?”