शीड अडकतं ते आदल्या संध्याकाळी

(पावसाळी व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बसा, बसा. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, तिथे पाणी उडत नाही. गेटवेसमोरच्या बोटी वर काढून झाल्या, आता सप्टेंबर संपेपर्यंत आपल्याला बोलण्याशिवाय उद्योग नाही, म्हणून आज हा विषय. पत्रिकेवर ‘डोलकाठीत गुंडाळलं जाणारं मेनसेल अडकल्यास उपाय’ असं छापलंय; मेनसेल म्हणजे बोटीचं मुख्य शीड. उपाय सांगणार आहे. पण आधी माझं एक म्हणणं ऐकावं लागेल, कारण घरातल्यांनी आता ऐकायचं सोडलंय.

म्हणणं एवढंच: हे शीड सकाळी बाहेर काढताना अडकतं असं सगळे म्हणतात. ते अडकलेलं असतं आदल्या संध्याकाळीच. सकाळी आपल्याला फक्त कळतं.

इथे बऱ्याच जणांची बोट साध्या शिडाची, दोर सोडला की शीड धपकन खाली. आपल्या कोळ्यांच्या जुन्या शिडाच्या होड्यांचंही तेच, दोर सोडला की आडव्या काठीसकट शीड उतरलं. पण तुमच्यातले निम्मे आता ग्रीसला नाहीतर क्रोएशियाला आठवड्याची बोट भाड्याने घेतात, आणि तिथे डोलकाठीच्या पोटात शीड असलेली बोट हमखास गळ्यात पडते. अमेरिकेतल्या मार्बलहेडचे टेड हूड, 1974 मध्ये ‘करेजस’ या बोटीचं सुकाणू धरून अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची शर्यत जिंकणारे, त्यांच्या कंपनीने सत्तरच्या दशकात ‘स्टोवे’ नावाची अशी डोलकाठी आणली. आज स्वीडनच्या सेल्डेनसकट बरेच जण बनवतात. काठीच्या पोकळीत एक उभा दांडा, त्यावर शीड गुंडाळलेलं, मागे अरुंद फट. आउटहॉल हा दोर ओढला की शीड बाहेर, फर्लिंग लाइन हा दुसरा दोर ओढला की आत. वारा वाढला की हवं तेवढं आत घ्या, कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेतून, उठायचं नाही. साठी उलटलेल्यांना वरदान आहे. हसू नका, मी आकडा सांगितलेला नाही.

आता ग्रीसच्या लेफ्कडा बेटाची गोष्ट. आयोजक घड्याळ बघतायत, पण ही सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आयोनियन समुद्रात भाड्याच्या बोटींचा आठवडा शनिवारी सुरू होतो. म्हणजे आधीची मंडळी शुक्रवारी संध्याकाळी परत येतात. सगळ्या बोटी एकाच वेळी दक्षिणेकडून लेफ्कडाच्या कालव्यात शिरतात, डिझेलच्या धक्क्यावर रांग, मागून कोणीतरी भोंगा वाजवतंय, धक्के झेलायचे फेंडर बांधायचेत, एकाची बॅग भरायची राहिलीय. अशा वेळी शीड आत कसं जात असेल? इंजिन पुढे रेटून बोट सरळ वाऱ्यात, आउटहॉल पूर्ण सोडलेला, शीड फडफडतंय, आणि एक तरुण विंचचं, म्हणजे दोर ओढणाऱ्या विजेच्या चरख्याचं, बटण दाबून उभा. शीड आत जातं हो. पण लोकरीच्या सैल गुंड्यासारखं. बाहेरून काही दिसत नाही. डोलकाठी सुंदर, फटीतून शिडाचं टोक डोकावतंय, फोटोला छान.

शनिवारी बोट ताब्यात देणारा माणूस आला. टॉयलेटचा पंप कसा मारायचा हे त्याने इतक्या तपशिलाने सांगितलं की मला आजही झोपेतून उठवून विचारा. अनामत रक्कम, तिचं कार्ड, ओरखडे दाखवणारा नकाशा. फ्रिजचं बटण. आणि शिडाबद्दल? ‘मेनसेल, बटण, इझी.’ तीन शब्द! ज्या वस्तूने बोट चालते तिला तीन शब्द, आणि टॉयलेटला अर्धा तास. मी म्हटलं, एकदा धक्क्यावरच उघडून दाखवा. तर म्हणे वारा आहे. वारा आहे म्हणूनच शीड ना, बाबा? असो.

रविवारी मेगानिसी बेटाच्या पुढे शीड काढायला घेतलं. त्या भागात सकाळ निवांत असते आणि दुपारी वायव्येकडून ‘माइस्त्रो’ सुटतो. तो सुटायच्या आत शीड बाहेर, असा बेत. तिसरा हिस्सा बाहेर आला आणि थांबलं. माझे दीर विंचवर होते. मी म्हटलं, भाऊजी, थांबा. ते म्हणाले, ‘वहिनी, थोडंसंच राहिलंय.’ आणि दाबलं बटण. इलेक्ट्रिक विंचला दया नसते. हाताने फिरवताना मनगटाला जे कळतं ते बटणाला कळत नाही. विंच कण्हला, आउटहॉल तारेसारखा ताणला, शीड मात्र तसूभर हललं नाही. नाही फाटलं, ते भाऊजींचं नशीब. बोट भाड्याने देणाऱ्यांना फोन लावला, तर तिकडून सल्ला: अजून ओढा.

ह्यांनी दुर्बीण काढली. माशांसाठी आणली होती. त्यातून दिसलं: पहिल्या स्प्रेडरच्या, म्हणजे डोलकाठीच्या आडव्या हाताच्या, जरा वर, फटीत शिडाची घडी, कापड तीन पदरी झालेलं. फट एका पदरासाठी केलेली असते. आतला गुंडा सैल, म्हणून त्याचा घेर मोठा, म्हणून तो पोकळीच्या भिंतीला घासतोय, आणि ओढलं की सैल पदराची घडी होऊन फटीत पाचर बसते. अजून ओढलं की पाचर अजून घट्ट. भाऊजींना हे पटवण्यात माइस्त्रो सुटला.

आणि इथे गंमत नाही. साधं शीड अडलं तर उतरवता तरी येतं. हे शीड अर्धवट अडकलं की आत जात नाही, बाहेर येत नाही, आणि पुढची कडा गुंड्यात असल्यामुळे खालीही येत नाही. वारा वाढतोय आणि तुमच्या डोक्यावर तेवढं कापड कायमचं.

आली, चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आता भराभर.

सोडवायचं कसं. पहिलं, विंचवरून हात काढा. आउटहॉल सैल करा, बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, तिला आवरणारी मेनशीट आणि खाली ओढून धरणारा किकर सैल करा, आणि शीड थोडं परत आत घ्या. अर्धा वेढा पुरे. मग थोडं बाहेर. मग आत. मग बाहेर. कंटाळवाणं आहे पण बहुतेक घड्या अशाच सुटतात. हात पोचतो तिथे शीड हाताने मागे ओढा. सुटत नसेल तर वारा दुसऱ्या बाजूने घेऊन तेच पुन्हा करा. आमचं तसंच सुटलं, फटकन आवाज करून.

काहीच जमलं नाही तर, आणि वारा चढत असेल तर, मोकळा हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, घेऊन शीड डोलकाठीभोवती नागमोडी वेढे देऊन आवळून टाका आणि इंजिनवर बंदरात जा. दिसायला भयंकर, पण चालतं. डोलकाठीवर चढायचं ते बंदरात, शांत पाण्यात.

मुळात अडकू नये म्हणून. गुंडाळताना आउटहॉल कधीही मोकळा सोडायचा नाही. विंचला एक वेढा ठेवून ताण देत देत सोडायचा. बाहेर काढतानाही फर्लिंग लाइनवर हलका हात, नाहीतर दांडा पुढे पळतो आणि गुंडा आतच सैल होतो. वारा मागून असताना गुंडाळू नका, कापड फटीच्या कडेवर घासतं. नाकासमोरून पण नको, थोडा बाजूने. कुठल्या बाजूने? फटीतून आत बघा, कापड गुंड्याच्या ज्या बाजूने निघतंय त्याच बाजूने वारा घ्या. उजवीकडून निघत असेल तर वारा उजवीकडून, बूम थोडा डावीकडे, म्हणजे कापड फटीतून सरळ रेषेत जातं.

बूमचा कोन. बूम फार खाली ओढलेला असेल तर शिडाची मागची कडा ताठ आणि तळ, म्हणजे खालची कडा, सैल, चुण्या खाली पडतात. फार वर असेल तर तळ ताठ, मागची कडा सैल, चुण्या वरच्या भागात. साधारण काटकोनाच्या आसपास नेमकी जागा प्रत्येक बोटीची वेगळी असते. सापडली की किकरवर चिकटपट्टीची खूण करा. बॅकस्टे, म्हणजे डोलकाठीला मागून धरणारी तार, सैल, कारण डोलकाठी वाकली तर आतला दांडा भिंतीला टेकतो. हॅलयार्ड फार ताणला तर पुढच्या कडेला उभ्या चुण्या, फार सैल तर आडव्या. दोन्ही आत गुंडाळल्या जातात. वरचं स्विव्हल, म्हणजे दांड्याच्या टोकाची फिरती कडी, जाम झालं असेल तर हॅलयार्डच दांड्याला वेढे घालतो, ते वर जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. आणि शीड जुनं, पोट सुटलेलं असेल तर तुम्ही कितीही शहाणे असा, ते सपाट गुंडाळलं जाणार नाही. त्याला उपाय शीड बनवणारा, मी नाही.

वंगण: आधी बेअरिंग गोड्या पाण्याने धुवा. मग डोलकाठी बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत जे वंगण सांगितलंय तेच.

हो, मागचे काका, बघितला हात. बूमच्या आत गुंडाळणारं शीड वेगळं, त्याचे रोगही वेगळे, आणि त्याला बूमच्या कोनाचं याहून जास्त वेड. ते आज नाही. चहा खाली आहे, तिथे विचारा. भाऊजीही आलेत, त्यांची बाजू ते सांगतीलच.