शाहू महाराजांचं देणं : वसतिगृह कशावर उभं राहतं

आज ६ मे. १९२२ साली याच तारखेला शाहू छत्रपती मुंबईत वारले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापुरात त्यांचं नाव काढलं की कुणाला खासबागेचं मैदान आठवतं, कुणाला राधानगरीचं धरण, कुणाला नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांना राखणारा १९०२ चा हुकूम. त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. इथे जमलेले बहुतेक लोक वसतिगृहांशी बांधलेले आहेत, कुणी विश्वस्त, कुणी अधीक्षक, कुणी देणगीदार. म्हणून आज विषय एवढाच की खेड्यातल्या पोरांच्या शिक्षणाला हा माणूस कारभार हाती आल्यापासून, म्हणजे १८९४ पासून शेवटपर्यंत, पाठबळ कसं देत राहिला आणि ते वाया का गेलं नाही.

आधी अडचण नेमकी कुठे होती ते पाहू. आपल्याला वाटतं, गरिबाच्या मुलाची फी भरली की काम झालं. त्या काळी गडहिंग्लजच्या किंवा भुदरगडच्या पोराला फीच्या आधी दुसरा प्रश्न पडायचा, कोल्हापुरात उतरायचं कुठे आणि जेवायचं कुणाकडे? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून जेवायची सोय होती. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, नाहीतर माधुकरी मागायची. अपमान गिळावा लागे, पण पोट भरे आणि शिक्षण पुरं होई. कुणबी, धनगर, मुसलमान, महार यांच्या पोरांना शहरात अशी सात घरंच नव्हती. संस्थानच्या सामान्य प्रशासनात १८९४ साली ७१ पैकी ६० जागांवर ब्राह्मण होते, त्याची कारणं शोधताना शाळेइतकंच या ताटाकडे पाहावं लागतं.

पहिला प्रयत्न फसला, हे जयंती-पुण्यतिथीला कुणी सांगत नाही. १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुलं वसतिगृह निघालं. दार सगळ्यांना उघडं, पण थोड्याच वर्षांत आत राहिले ते फक्त ब्राह्मण विद्यार्थी. कागदावर खुलं असणं आणि प्रत्यक्षात जागा मिळणं यांत प्रवेश देणारा माणूस बसलेला असतो, स्वयंपाकघर असतं, पंगत असते. तो अनुभव घेऊन शाहूंनी वाट बदलली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिमांसाठी, १९०७ साली लिंगायतांसाठी, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे सारस्वत, ख्रिस्ती, शिंपी, दैवज्ञ, आणि १९२० साली प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग. सगळी मिळून वीसच्या वर. नाशिकला उदाजी मराठा बोर्डिंगची कोनशिलाही १९२० साली त्यांच्याच हातची.

देण्याची पद्धत बघा. जागा किंवा इमारत दरबारची, वार्षिक नेमणूक, म्हणजे दरसालची ठरलेली रक्कम, दरबारची, पण कारभारी मंडळ त्या-त्या समाजाचं. म्हणजे दात्याने भांडवल घातलं आणि रोजची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात बांधली. समाजातून माणसं पुढे येईनात, तिथे आपलं नाव अडकवलं. मुस्लिमांच्या शिक्षणसंस्थेचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि त्यांचं वसतिगृह उभं राहण्याआधी काही मुस्लिम मुलं मराठा बोर्डिंगमध्येच ठेवली.

जागाही अशी की मुलगा चालत शाळेत जाईल. दसरा चौकात उभं राहिलात तर एका नजरेच्या टप्प्यात तीन-चार बोर्डिंगं दिसतात. आज दान म्हणून जमीन मिळते ती गावाबाहेर, ओढ्यापलीकडे, जिथे प्लॉट पाडून विकता आले नाहीत तिथे. मग एसटीचा पास, शेवटची गाडी चुकली की तास बुडाला, मुलींच्या बाबतीत तर पालक पहिल्याच दिवशी परत नेतात. शाळेपासून दोन किलोमीटरच्या आतली पाच गुंठे जागा गावाबाहेरच्या दोन एकरांपेक्षा वसतिगृहाला जास्त उपयोगी.

या पद्धतीत एक दोष होता. जातवार वसतिगृह हे तडजोडीचं काम होतं. त्याचा चटका बसला तो भाऊराव पाटलांना. ते जैन बोर्डिंगात राहून शिकत होते, आणि मिस क्लार्कमधल्या मुलांशी संबंध ठेवला म्हणून त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. हाच मुलगा पुढे १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढतो, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एका चुलीवरचं बोर्डिंग सुरू करतो, आणि त्या बोर्डिंगला नाव देतो छत्रपती शाहूंचं. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. दात्याची चूक त्याच्याच वसतिगृहातल्या पोराने दुरुस्त केली आणि वर पाटी दात्याचीच लावली!

आता स्वयंपाकघरात येऊ. वसतिगृह बंद पडतं ते बहुधा इथून. भाऊरावांच्या बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे आपण डोळे पुसत सांगतो. पण धान्य संपतं कसं, हा हिशेब मांडत नाही. तो आज मांडू.

पन्नास मुलं धरा, चौदा ते अठरा वयाची. एक मुलगा दोन वेळच्या मिळून पाच भाकरी खातो, कुस्ती खेळणारा असेल तर जास्त. म्हणजे रोज अडीचशे भाकरी. भाकरीला नव्वद ग्रॅम पीठ धरलं तर रोजचं साडेबावीस किलो. शाळेचे दहा महिने, म्हणजे तीनशे दिवस, धरले तर साडेसदुसष्ट क्विंटल ज्वारी. वर मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, तो पंधरा क्विंटल.

रयत शिक्षण संस्थेचा मूठफंड आपल्याला माहीत आहे. बाईने दळायला बसताना एक मूठ बोर्डिंगच्या मडक्यात टाकायची. एका मुठीत ज्वारी सुमारे पन्नास ग्रॅम बसते. वर्षाला एका घरातून सव्वाअठरा किलो. साडेसदुसष्ट क्विंटलला भागा. पावणेचारशेच्या आसपास घरांनी एकही दिवस न चुकता मूठ टाकली, तर पन्नास पोरांची नुसती भाकरी भागते. डाळ, तेल, सरपण वेगळंच. त्या बायकांची नावं कुठल्याही कोनशिलेवर नाहीत.

घरोघरचं धान्य गोळा करण्यात आणखी एक गोम आहे, ती स्वयंपाकिणीला विचारल्याशिवाय कळत नाही. चारशे घरांची ज्वारी एका कणगीत ओतली की त्यात यंदाची असते, दोन वर्षांची असते, शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी असते, खरिपातली काळी पडलेली असते. तांदळाचं तर विचारूच नका. नवा तांदूळ गच्च होतो, जुन्याला पाणी जास्त लागतं, म्हणून एकाच पातेल्यात अर्धा भात गिच्च आणि अर्धा कच्चा राहतो. यावर उपाय म्हणजे गोळा करतानाच तीन पिंपं वेगळी ठेवायची, जुनं, नवं आणि संशयाचं. संशयाचं आधी उन्हात घालायचं, पाखडायचं आणि आधी संपवायचं. दाण्याला दातात धरून चावल्यावर कट्ट आवाज आला तर तो वाळलाय. दबला तर ओल आहे, पिंपात भरू नये, महिन्याभरात किडे होतात आणि शेजारचं चांगलंही जातं. पिंप जमिनीवर टेकवायचं नाही, खाली फळी हवी, भिंतीपासून वीतभर अंतर हवं.

पीठ एकदम महिन्याचं दळून आणायचा मोह अधीक्षकाला होतो, गिरणीच्या खेपा वाचतात ना. पण ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांत विरी जातं, पावसाळ्यात त्याआधीच. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते, तव्यावर टाकताना तुटते. मग बाई गरम पाण्याची उकड घेते, त्यात वेळ जातो, पोरं ताटं वाजवायला लागतात. म्हणून दळण आठवड्याचंच.

एक बाई एका तव्यावर तासाला चाळीसेक भाकरी करते. सकाळच्या सव्वाशे भाकऱ्यांना एकटीला तीन तास, दोघींना दीड. दुसऱ्या बाईचा पगार परवडत नाही म्हणून वसतिगृहं भाताकडे वळतात, आणि मग पालक म्हणतात पोरगं वाळलं. हा सगळा प्रश्न एका पगाराचा असतो. आणि पगाराला देणगी मिळत नाही! खोलीला मिळते, पाण्याच्या कूलरला मिळते, कमानीला तर मागायच्या आधी मिळते, कारण तिथे पाटी लागते. स्वयंपाकिणीच्या पदरावर पाटी कशी लावणार? शाहूंच्या देण्यात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती ही वार्षिक नेमणूक. ती फोटोत येत नाही, पण चूल तिच्यावर पेटते.

इमारतीचंही तेच. बांधून देणारे भेटतात, शाकारणीला, म्हणजे छप्पर दरवर्षी नीट करायला, कुणी नसतं. कौलारू छपराची चैत्र-वैशाखात शाकारणी झाली नाही तर मृगाच्या पहिल्या पावसात गळती वाशात उतरते, तीन-चार वर्षांत वासा कुजतो आणि पाच हजारांचं काम दीड लाखावर जातं. स्लॅब असला तरी पन्हळ्या पानांनी तुंबल्या की तीच गत. इमारतीच्या आजच्या बांधकामखर्चाच्या दोन टक्के दरवर्षी बाजूला टाकले नाहीत, तर ती इमारत देणगी न राहता उसनवारी होते.

मग आजच्या देणगीदाराने नेमणूक कशी लावायची? राजवाडा नाही, दरबार नाही, तर ठेव. एका मुलाच्या जेवणाला महिना अडीच हजार धरा, दहा महिन्यांचे पंचवीस हजार. सात टक्के व्याज धरलं तर त्याला साडेतीन लाखांवर ठेव लागते. इथे बहुतेक विश्वस्त थांबतात आणि फसतात. महागाई सहा टक्क्यांनी वाढली तर दहा वर्षांनी तेच जेवण पंचेचाळीस हजारांच्या घरात जाईल, व्याज मात्र पंचवीसच. पन्नास मुलांची म्हणून ठेवलेली ठेव अठ्ठावीस मुलांना पुरेल. म्हणून निम्मं व्याज खायचं, निम्मं मुद्दलात परत टाकायचं. तेवढ्यानेही महागाई पुरती भरून निघत नाही, पण घसरण बरीच हळू होते. अर्थात त्यासाठी ठेव दुप्पट लागते. मुलं कमी घ्या, पण घेतलेली उपाशी ठेवू नका. ठेवीसाठी दिलेली रक्कम कायम निधीत जमा करावी, असं देणगीदाराच्या सहीचं पत्र घ्यायचं. ते नसलं की पुढचं मंडळ ती रक्कम रंगरंगोटीत घालतं आणि त्याला अडवता येत नाही.

जमीन देणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण भांडणं इथेच होतात. आजोबांनी सभेत जाहीर केलं, टाळ्या पडल्या, सत्कार झाला, वसतिगृहाने कुंपणही घातलं. सातबारावर नाव आजोबांचंच राहिलं. तीस वर्षांनी जमिनीला भाव येतो, चौथा नातू वारस म्हणून उभा राहतो आणि कायद्याने त्याचं म्हणणं खोटं नसतं. क्रम असा ठेवा. शेतजमीन असेल तर कूळकायद्याखाली परवानगी लागते का ते पहिल्यांदा विचारा. हिश्शेदारांची संमती लेखी घ्या, बहिणींची विसरू नका. मग ट्रस्टचा स्वीकाराचा ठराव, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं बक्षीसपत्र, तलाठ्याकडे फेरफार, आणि नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात येईपर्यंत हार घालू नका. बक्षीसपत्रात जमीन कशासाठी, ते मोघम लिहू नका. ‘शैक्षणिक कार्यासाठी’ असं लिहिलं की तिथे उद्या मंगल कार्यालय उभं राहतं आणि त्यात वर्षातून एक वक्तृत्वस्पर्धा होते.

शेवटची गोष्ट वेळेची. वसतिगृहांना देणग्या येतात २६ जूनला, शाहू जयंतीच्या कार्यक्रमात. भावना चांगली आहे. पण शाळा त्याआधी उघडलेल्या असतात, मुलं पेट्या घेऊन आलेली असतात, आणि शाळूचा हंगाम माघ-फाल्गुनात होऊन गेलेला असतो. मार्चमध्ये बार्शी-मंगळवेढ्याकडचा वाळलेला, निवडक शाळू शेतकऱ्याकडून थेट मिळतो. जूनमध्ये तोच व्यापाऱ्याकडून घ्यावा लागतो, महाग, आणि पावसाळी हवेत ओल धरलेला. तेव्हा पाकीट जयंतीला देणार असाल तर ते फाल्गुनातच द्या. पावतीवर तारीख कुठलीही असली तरी कणगीला चालते.