फाउंड्रीच्या गावात आरोग्य परिषद भरवताना

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणारे कारखाने, भरपूर आहेत. साच्याच्या वाळूत सिलिका असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. धूळ अडवणं एवढाच उपाय हाती उरतो. पण छातीचे डॉक्टर, सुरक्षा अधिकारी, कारखाना निरीक्षक आणि कामगार एका खोलीत क्वचितच बसतात. त्यासाठी दीड दिवसाची, ऐंशी-शंभर माणसांची परिषद पुरेशी आहे. ती भरवू पाहणाऱ्यांसाठी आज थोडं बोलायचं आहे.

पहिली चूक तारखेत होते. डॉक्टरांना रविवार सोयीचा, म्हणून कारखानाभेट रविवारी ठेवली जाते. त्या दिवशी तिथं आठवडी सुट्टी असेल, तर पाहुण्यांना झाडून काढलेली शेड दिसते आणि धूळ कुठेच दिसत नाही. म्हणून आधी कारखान्याला विचारा, ओतकाम कधी आणि फेटलिंग कधी. कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं काढतात ते फेटलिंग. पाहायचं असतं ते हेच काम. भेटीला बारा-पंधरा जणांचे गट करा. सेफ्टी शूजचे माप नोंदणीच्या अर्जातच मागा, ऐनवेळी आठ नंबरचे बूट कुठून आणणार? दाढी असली की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, हेही आधीच कळवा. ओढणी आणि पदर नीट खोचायला सांगा.

एक्स-रेच्या सत्राकडे विशेष लक्ष हवं. आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, एक्स-रे वर्गीकरणात फुप्फुसातले सर्वांत बारीक गोल ठिपके दीड मिलिमीटरपर्यंतचे असतात. उजेड असलेल्या सभागृहात, प्रोजेक्टरच्या पडद्यावर ते पुसटून जातात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तर ते कित्येकदा उरतच नाहीत. मग सुरुवातीचा आजार निरोगी म्हणून सगळ्यांसमोर वाचला जातो. त्यापेक्षा अंधाऱ्या खोलीत दोन वैद्यकीय मॉनिटर लावा, मूळ डायकॉम फाइल (एक्स-रे यंत्रातून निघणारी पूर्ण तपशिलाची फाइल) उघडा आणि दहा-दहा जणांना बसवा. रुग्णाचं नाव चित्राच्या कोपऱ्यात असतं, तसंच फाइलच्या आतल्या नोंदीतही असतं. दोन्हीकडून काढा. शोधनिबंधाच्या गोषवाऱ्यातही ओळख जपा. वीस कामगारांच्या कारखान्यात ‘एकमेव क्रेनचालक’ असं लिहिलं की नाव न सांगताही माणूस ओळखू येतो.

शोधनिबंधाला बारा मिनिटं, प्रश्नांना तीन. नव्वद मिनिटांच्या सत्रात पाचच निबंध घ्या. पंधरा मिनिटं हातात राहतात आणि ती लागतातच. सहावा घुसवला की कात्री प्रश्नांवर चालते. लहान परिषदेचं खरं मोल त्या प्रश्नांतच आहे. पोस्टर ए-झीरो मापाचं, उभं मागवा. ते तीन बाय चार फुटांच्या बोर्डावर बसतं, आडवं बसत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या क्रेडिट पॉइंटसाठी, म्हणजे अशा परिषदेला आलेल्या डॉक्टरांना मिळणाऱ्या गुणांसाठी, अर्ज लवकर करा. मंजुरी आल्याशिवाय पत्रिकेवर गुण छापू नका.

कामगारांचं सत्र मराठीतच हवं. आलेल्यांची बुडालेली मजुरी आयोजकांनी द्यावी. मालक किंवा सुपरवायझर समोर बसलेले असतील तर कुणी खोकल्याबद्दल बोलणार नाही, म्हणून हे सत्र वेगळ्या खोलीत घ्या आणि नावं लिहून घेऊ नका. मास्क विकणाऱ्या कंपनीचे पैसे घेतलेच, तर ते पत्रिकेत स्पष्ट छापा. तिच्या माणसाला व्याख्यान देऊ नका. मास्क हा शेवटचा उपाय आहे, आधी वाळू ओली करणं आणि धूळ जागीच ओढून घेणं येतं. हा क्रम पैशांमुळे उलटता कामा नये.

भेट दिलेल्या कारखान्याला पंधरा दिवसांत मराठीत एक पान पाठवा. त्यात दिसलेली गोष्ट नेमकी लिहा. समजा, धूळ ओढणारी नळी ग्राइंडरपासून फूटभर दूर आहे. साध्या उघड्या नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाएवढं लांब गेलं की हवेचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या साधारण दहा टक्क्यांवर येतो. म्हणजे सहा इंची नळी फूटभर दूर असेल तर पंखा चालू असूनही धूळ कामगाराच्या नाकाशीच राहते. नळी जवळ आणा, तिच्या तोंडाभोवती कड लावा, एवढं त्या पानावर लिहा आणि त्याची एक प्रत फेटलिंगच्या शेडमध्ये लावायला सांगा.