गुळवेलीचा काढा घेताय? डॉक्टरांना सांगा

नमस्कार श्रोतेहो. करोनाच्या दिवसांत गुळवेलीचा काढा न केलेलं घर विरळाच. कडुनिंबावर चढलेल्या वेलीचं बोटभर कांड तोडायचं, ठेचायचं, मिरी-दालचिनी घालून उकळायचं आणि सकाळी अनशापोटी घ्यायचं. कुणी रसाच्या बाटल्या आणल्या, कुणी गोळ्या. प्रतिकारशक्ती वाढावी, एवढीच साधी इच्छा.

2020च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईत यकृताला सूज आलेले 6 रुग्ण डॉक्टरांना आढळले. सगळ्यांच्या बोलण्यात गुळवेल होती. वाढवायला निघालेली प्रतिकारशक्ती त्यांच्याच यकृतावर उलटली होती. पुढे देशातल्या 13 केंद्रांतून अशा 43 रुग्णांची नोंद झाली. आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष पटला नाही. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असं त्यांचं म्हणणं. बरं, तसं धरून चालू. पण बाजारातल्या वाळक्या कांड्यांत खरी कोणती, हे तुम्ही-आम्ही कसं ओळखणार?

थायरॉइडचे काही आजार, सोरायसिस, आमवात असे स्वयंप्रतिकार आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असे आजार, ज्यांना आहेत, त्यांनी गुळवेल स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये. हे मी फार कळकळीने सांगतोय. आयुर्वेदात वैद्य वय बघतो, प्रकृती बघतो, मात्रा आणि किती दिवस घ्यायचं तेही ठरवून देतो. मोबाइलवर फिरणाऱ्या कृतीत यातलं काय असतं?

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "कुठलं औषध चालू आहे?" आपण म्हणतो, "छे हो, काहीच नाही." काढ्याला आपण औषधात धरतच नाही! मग डॉक्टर यकृताला सूज आणणारा विषाणू शोधत बसतात, आणि घरी काढा चालूच राहतो. खरं तर तो थांबवल्यावर बरेच रुग्ण सावरले. काहींना मात्र उशीर झाला, काही दगावलेही.

भूक मेली, सारखं मळमळतंय, अंगाला खाज सुटली, लघवी गडद पिवळी होतेय किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर काढा त्याच दिवशी बंद करा. यकृताच्या तपासण्या करून घ्या. जाताना बाटली, पुडी, उरलेलं कांड, जे असेल ते पिशवीत घालून न्या, आणि कधीपासून, किती घेत होतात ते डॉक्टरांना सांगा.