गाऱ्हाणं कोणाकडे घालायचं?

नमस्कार. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘संगणकतज्ज्ञ’ म्हटलं. आमच्या धंद्यात ज्याला रात्री अकराला फोन येतो, तो तज्ज्ञ. पत्रिकेत विषय छापलाय ‘सॉफ्टवेअरमधल्या हरवलेल्या नोंदी’. मी आज त्याच्या उलट बोलणार आहे. नोंद बहुतेक वेळा जागेवरच असते, आपण चुकीच्या नावानं हाका मारत असतो.

सातबारा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. (हशा) कोकणात एका सातबाऱ्यावर किती नावं असतात ते मी सांगायला नको, निम्मी मंडळी मुंबईत. तर त्या नोंदीशेजारी फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन तलाठ्याकडे गेलात आणि फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना 6 मध्ये, तो क्रमांकच सापडला नाही, तर सातबाऱ्यावरची नोंद पोरकी झाली. बिलाचंही तसंच. बिलावर पुरवठादाराचा कोड असतो, त्या कोडाचा माणूस मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या मूळ यादीत, लागतो. नसला की पडद्यावर चौकट येते, ‘रेकॉर्ड की सापडली नाही’. की म्हणजे किल्ली, नोंद ओळखायची खूण. तक्ते असे किल्ल्यांनी एकमेकांना जोडायची कल्पना आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली मांडली. त्यांना काजूचा कारखाना सांभाळावा लागला नाही.

मला लागला. नाव घेत नाही, इथेच आसपासचा. 31 मार्चची रात्र, काजू बीचा हंगाम ऐन भरात आणि बिलं चढेनात. मॅनेजर म्हणाले, “कोणीतरी डिलीट केलंय.” संशय कोणावर? सगळ्यात नव्या पोरावर, अर्थात. तो बिचारा कोपऱ्यात उभा. मॅनेजर सकाळी देवळात गाऱ्हाणं घालायच्या बेतात होते.

आता गाऱ्हाण्याची गंमत बघा. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात केली, नाव-गाव थोडं मागंपुढं झालं, तरी देव समजून घेतो. शेवटी ‘चुकलां-माकलां पदरात घे’ म्हणायची सोय आहे. (सभागृहातून : होय म्हाराजा!) डेटाबेसला, म्हणजे नोंदींच्या कोठाराला, होय म्हाराजा म्हणता येत नाही. त्याला अक्षर न् अक्षर जुळावं लागतं.

तर मी त्या पोराला म्हटलं, यादी दाखव. बिलांची यादी एक्सेलमधून आलेली. कोडाच्या चौकटीत 4217. मास्टरमध्ये तोच माणूस 004217. पुढची दोन शून्यं एक्सेलनं फाइल उघडतानाच गिळली होती, त्याच्या लेखी तो साधा आकडा. दुसऱ्या एका ओळीत कोड तंतोतंत बरोबर दिसत होता, तरी चूक येतच होती. चौकटीत जाऊन एन्डचं बटण दाबलं, तर कर्सर शेवटच्या आकड्याला चिकटून थांबायच्या ऐवजी एक घर पुढे जाऊन लुकलुकायला लागला. मागे एक मोकळी जागा होती. ती दिसत नाही, पण मोजली जाते.

इथवर ठीक होतं. पण मी पोचायच्या आधीच मॅनेजरांनी चूक ‘मिटवली’ होती. 4217 नावाचं नवं खातंच उघडलं! चौकट गप्प झाली. आठवड्यानं एक म्हातारे बागायतदार वही घेऊन हजर. “माझी धा पोती खंय गेली?” दहा पोती नव्या खात्यात आणि बाकीची जुन्या. ती निस्तरायला मला चार दिवस लागले. चूक दाबायला नवी नोंद करणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो मी इथे... सचिवांची चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं.

मग भराभर. आधी संदेशातली किल्ली जशीच्या तशी उतरवून घ्या आणि तिची लांबी मोजा. ओरॅकल नावाच्या डेटाबेसमध्ये चूक म्हणून 02291 आलं तर पालक नोंद, म्हणजे मास्टरमधली, नाही, 02292 आलं तर पालक पुसायला निघालात पण पोरं, म्हणजे तिच्यावर टेकलेली बिलं, शिल्लक आहेत. काही जुन्या पॅकेजांत हा पहारा डेटाबेसमध्ये नसतो, प्रोग्रॅममध्ये असतो. मागच्या दारानं कोणी डेटा भरला की पोरक्या नोंदी साठतात. त्या लेफ्ट जॉइन लावून, म्हणजे पालक नसलेली बिलंही दाखवणारी जोडणी करून, पालकाची बाजू नल, म्हणजे रिकामी, आहे का ते बघत शोधा. ‘नॉट इन’, म्हणजे ‘या यादीत नसलेले दाखव’, असं वापरलंत आणि आतल्या यादीत एक जरी नल असला, तर उत्तरात एकही ओळ येत नाही, आणि तुम्ही खूश होऊन घरी जाता.

चूक दोन मिनिटांनी आपोआप गेली, तर बहुधा दुसऱ्या कोणाचं कमिट, म्हणजे केलेला बदल पक्का करणं, राहिलं होतं.

मराठीत किल्ली असेल तर ‘गाऱ्हाणं’ शब्द दोन माणसांना टाइप करायला सांगा. तो अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. कागदावर सारखाच दिसतो, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. आपल्या वाचनालयाच्या यादीत आजच बघा.

आणि इंडेक्सच, म्हणजे किल्ल्या शोधायची सूचीच, बिघडला असेल तर तो नव्याने बांधता येतो, पण आधी बॅकअप घ्या, आणि तो उघडतो का ते... हो हो, थांबतो. सावंतवाडीची गाडी आहे. राहिलेलं चहाला विचारा.