पटावरची मुलं आणि ओसरीवरची

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिला होता ‘शिक्षकाचं दैनंदिन जीवन’. समोर बसलेल्यांत डी.एड.ची मुलं-मुली बऱ्याच दिसतायत. त्यांना वाटत असेल की हा माणूस आता परिपाठ, टाचण, मूल्यमापन यावर बोलणार. बोलेन की, थोडं. पण बीड जिल्ह्यातल्या त्या गावातलं माझं रोजचं जगणं सांगायला बसलो की दर दोन वाक्यांनी शेजारची आक्का मध्ये येते. तेव्हाही यायची. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती आणि तीही माळवदापर्यंत पोचत नव्हती. मी इकडे शिंकलो की पलीकडून ‘आल्याचा चहा घ्या गुर्जी’ असं यायचं.

मी तिथे रुजू झालो २००१ च्या जूनमध्ये, शिक्षण सेवक म्हणून. ही योजना आदल्याच वर्षी आली होती. तीन वर्षं महिना तीन हजार रुपये मानधन, मग पुढचं पुढे. तुमच्यापैकी कुणी आता लागलात तर सोळा हजार मिळतील, म्हणून हसू नका. माझ्याकडे एक वळकटी, एक स्टोव्ह आणि नेमणुकीचा आदेश होता. गावात भाड्याने खोली देण्याची रीतच नव्हती. कारण गुरुजी तालुक्याहून येणार आणि तालुक्याला परत जाणार, हे ठरलेलं. आमचे मुख्याध्यापकही तसेच जाऊन-येऊन करायचे. आक्काने गोठ्यालगतची खोली झाडून दिली. भाडं विचारलं तर म्हणाली, ‘रॉकेल आनत जा.’ माझ्या रेशनकार्डाचा पत्ताच नव्हता, त्यामुळे ते भाडं मी कसं फेडलं हा वेगळा विषय आहे.

शाळा दोन शिक्षकांची, पहिली ते चौथी. सकाळी हापशावर नंबर लावून पाणी, मग शाळा उघडून आधी व्हरांड्यातल्या शेळ्यांच्या लेंड्या झाडायच्या, मग राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, परिपाठ. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. मुख्याध्यापक बैठकीला गेले की चारही वर्ग माझ्याकडे, आणि बैठका आठवड्याला असायच्याच. पहिलीला पाट्यांवर ‘ग’ गिरवायला लावायचा, दुसरीला पाढे, तिसरीला उतारा, आणि चौथीला भागाकार शिकवत असताना पहिलीतला कुणी ओला होऊन रडायचा. नखं कापणं, नाक पुसणं, खरजेला मलम लावणं, दाखला, जातीचा तक्ता, पोलिओचा रविवार, मतदार यादी. हे सगळं झाल्यावर उरलेल्या वेळात शिकवायचं. तक्रार म्हणून नाही सांगत. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला ते आवडायचं.

पटावर त्रेचाळीस मुलं होती. सप्टेंबरपर्यंत त्यातली चाळीस रोज यायची. मला वाटलं, वा, आपण फार चांगले शिक्षक दिसतो.

मग दिवाळी झाली.

इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण पुण्या-मुंबईचे पाहुणे बसलेत म्हणून सांगतो. आमच्याकडे ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊसतोडीचा मुकादम उन्हाळ्या-पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, ती कोयत्याला देतो. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. दसरा-दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतात. म्हातारी सोडून सगळं घर, भांडी, पीठ, कोंबड्या, त्यात चढतं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्याला जातं. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत. तिकडे शेताकडेला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी. पहाटेच्या अंधारात तोड सुरू. सात-आठ वर्षांची पोरगी कोपीत धाकट्याला सांभाळते, जरा मोठा पोरगा वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करून विकतो. जोडी तोडत असते तेव्हा मुलं रिकामी बसलेली नसतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळा उघडली तेव्हा सतरा मुलं आली.

आता एक गंमत बघा. शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं तीस सप्टेंबरच्या पटावरून. तीस सप्टेंबरला आमचं गाव भरलेलं असायचं. म्हणजे कागदावर वर्षभर त्रेचाळीस. त्या तारखेला वरून बघणाऱ्याला आमच्याकडे काहीच कमी दिसत नव्हतं. त्या काळी पोषण आहाराचा तांदूळ कोरडा मिळायचा, महिन्याला तीन किलो, ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला. गेलेल्या मुलाची हजेरी कुठून लागणार? मी पहिल्या वर्षी एक-दोन जणांची लावलीसुद्धा. त्यांच्या आज्या तांदळाच्या दिवशी पिशवी घेऊन शाळेच्या पायरीवर बसायच्या, मला नाही म्हणवलं नाही. चूक होती. तुम्ही करू नका. मात्र पायरीवर बसलेली म्हातारी समोर असताना नियम वाचून दाखवणंही सोपं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या वर्षी चौथीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही, आता ती दोन मुलांची आई आहे. भागाकाराला माझ्यापेक्षा पक्की. ट्रॅक्टर आला त्या रात्री मी तिच्या वडलांना भेटायला गेलो. शिक्षणाचं महत्त्व वगैरे बोललो. तो माणूस शांतपणे दोर आवळत राहिला. म्हणाला, ‘गुर्जी, तुमचं खरंय. पर तिला ठिवू कुनापाशी?’ माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. माझी भाषणाची तयारी होती, भाकरीची नव्हती. तेवढ्यात मागून आक्का आली. तिच्या दोन्ही मुलांचे कोयते त्याच ट्रॅक्टरने निघाले होते, त्यांना पिठाचं गठुडं द्यायला. तिने सगळं ऐकलं आणि मुलीच्या हातातली बादली काढून घेतली. ‘ऱ्हाऊ द्या हिला. दोन नातवंडं हायेतच माझ्यापाशी. तवा तापलेलाच असतोय.’

एवढंच. कुठली सभा नाही, ठराव नाही.

त्या वर्षी तिच्या ओसरीवर तिघं झोपली. पुढच्या वर्षी सहा. मग आई-बापच येऊन विचारायला लागले आणि आक्का त्यांच्याशी भाव करायची. होय, भाव. ती काही संत नव्हती. दीड पायली ज्वारी घरटी, पोरगं आजारी पडलं तर डॉक्टरचे पैसे मागाहून, आणि ‘रडकं असंल तर घिऊन जा’. तोंडाची फटकळ. माझ्या स्वयंपाकाला ती गावभर नावं ठेवायची. पण पोराच्या डोक्यात उवा झाल्या की संध्याकाळी उन्हाला पाठ करून एकेकाला पुढ्यात घ्यायची आणि फणी चालवता चालवता त्याच्याकडून दिवसभराचं सगळं काढून घ्यायची. शाळेत कुणी कुणाला मारलं, मी कुणावर ओरडलो, तिला माझ्याआधी माहीत असायचं.

रात्री भारनियमन. कंदील एक, मुलं सहा-सात. मी माझ्या खोलीतून उठून तिच्या ओसरीवर जायला लागलो, कारण मुलांना माझ्याकडे बोलवावं तर जागा नव्हती. त्याला मी पुढे अहवालात ‘रात्र अभ्यासिका’ लिहिलं. आक्का भाकरी थापत थापत पाढे ऐकायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण एकोणतिसाच्या पाढ्यात कुणी अडखळलं की तिचा हात थांबायचा. अर्थ कळत नव्हता, पण चाल चुकली हे कळायचं. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. मुकादमाने खडी मोजताना फसवलं होतं, ते तिला तीस वर्षांनी रुपया-आण्यात पाठ होतं.

आई-बापांचा फोन यायचा. आधी किराणा दुकानात, मग कुणाकुणाच्या मोबाइलवर. मी म्हणायचो, मुलांना रोज बोलू द्यावं. आक्का म्हणायची, फोन झाला की पोरं जेवत नाहीत. तिने नियम केला: आधी ताट, मग फोन. मी मानसशास्त्राचा एक पेपर देऊन आलो होतो. मला हे सुचलं नसतं.

पुढे शिजवलेलं अन्न आलं. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २००१ चा, आमच्यापर्यंत खिचडी पोचायला आणखी वेळ लागला. हंगामी वसतिगृहंही आली, म्हणजे मूल गावातच नात्यातल्याकडे राहतं आणि दोन्ही वेळचं जेवण मिळतं. चांगली योजना. पण तिचा फलक आमच्या गावात लागला तेव्हा आक्का विचारत होती, ‘हे आत्ता सुचलं व्हय यांना?’

आता जनगणनेचं सांगतो, कारण तिच्याशी माझं एकदाच खरं भांडण झालं ते त्यावरून.

२०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी. मी प्रगणक. फेब्रुवारीत आमच्या गावात काय असतं? कुलपं. नियम असा की जो माणूस त्या वीस दिवसांत एकदाही घरी नाही, त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे व्हायची. नियम बरोबरच आहे, नाहीतर माणूस दोनदा मोजला जाईल. पण मी एकेका घरापुढे उभा, आणि आक्का माझ्यामागून चालत सांगतेय: या घरात पाच, थोरला, धाकटा, सून पोटुशी, म्हणजे साडेपाच धरा. मी काही लिहीत नाही. दुसरं घर, तिसरं घर. शेवटी तिच्या लक्षात आलं. तोवर दहा वर्षं ती मला ‘तुमी’ म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा एकेरीवर आली.

‘तू लिहीत का न्हाईस?’

मी नियम सांगितला.

‘मंग ही काय मेली का?’

मी म्हणालो, आक्का, ते तिकडे मोजले जातील, कोपीत. ती म्हणाली, ‘कोपी उठवल्यावर?’ मी गप्प. सांगलीचा प्रगणक उसाच्या फडात उतरून पाचटाच्या झोपड्या मोजेल, याची मला कुठली खात्री? त्याने मोजल्या असतील. नसतीलही. एवढं खरं की तीस सप्टेंबरला जे गाव त्रेचाळीस मुलांचं होतं, ते फेब्रुवारीत कुलपांचं होतं, आणि दोन्ही कागदांवर सही माझीच होती.

मग तिचं घर आलं. तिथे मात्र त्या वर्षी नऊ मुलं हजर, आणि ती स्वतः. कुटुंबप्रमुख: आक्का. पुढचा रकाना: कुटुंबप्रमुखाशी नातं. दोन नातवंडं झाली. तिसऱ्यापाशी मी थांबलो. ती मुलं वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या जातींतली.

‘काय नातं लिहू?’

‘नातू लिही.’

‘तसं लिहिता येत नाही.’

‘मग शेजाऱ्याचं पोर लिही आन् इचार सरकारला, जेवायला कोन घालतंय.’

मी काय लिहिलं ते इथे सांगणार नाही. जनगणनेतली माहिती कायद्याने गुप्त असते.

जातीचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो, नाहीतर तुम्ही आक्काचं देव्हाऱ्यातलं चित्र घेऊन घरी जाल. तिच्या ओसरीवर दोन रांजण होते. एक सगळ्यांचा. दुसरा लहान, कोपऱ्यात, वेगळ्या पेल्याचा, वरच्या वस्तीतल्या दोन मुलांसाठी. तीच मुलं तिच्या चुलीपाशी जेवत होती, तिच्या वाकळेत झोपत होती, आणि पाणी मात्र त्या रांजणातलं पीत होती. मी दोन-तीनदा बोललो. शाळेत समतेवर गोष्ट सांगितली, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. तिने ऐकली. ‘चांगली सांगता’ म्हणाली. रांजण जागच्या जागी.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. आमच्याकडे तेव्हा रेल्वेच नव्हती, टँकर यायचा, त्याचाही नेम नाही. ऊसच नव्हता, म्हणून माणसं हंगाम अर्धवट टाकून परत आलेली, गाव भरलेलं आणि आड कोरडा. टँकर आला की नळी आडात सोडायचे आणि मग दोर-पोहरे घेऊन जी झुंबड उडायची ती सांगत नाही. सत्तरीतली आक्का त्यात. एका दुपारी ती दोन घागरी घेऊन आली, ओसरीवर टेकली, दोन्ही रांजणांकडे बघितलं, आणि दोन्ही घागरी मोठ्यात ओतल्या. लहान रांजण कोरडाच राहिला. ‘दोन-दोन कोन भरत बसंल,’ एवढंच म्हणाली. वरच्या वस्तीतला मुलगा पेला घेऊन उभा होता. तिने त्याच्या पेल्यात मोठ्यातलंच पाणी घातलं.

माझ्या इतक्या वर्षांच्या गोष्टींनी जे झालं नाही ते एका टँकरच्या खेपेने झालं, आणि मला त्याचा आनंद व्हावा की लाज वाटावी, हे अजून ठरलेलं नाही.

जूनमध्ये पाऊस आला. भरपूर आला. आडाला पाणी चढलं. मी रोज ओसरीवरून जाताना तिरक्या नजरेने कोपऱ्यात बघायचो, आता लहान रांजण पुन्हा भरला जातोय का म्हणून. एक दिवस तो जागेवर दिसला नाही. गोठ्याच्या दाराशी आडवा पडलेला, आत भुसा, आणि भुशावर आक्काची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी जरा जवळ गेलो तर ती अंगावर आली.